चौदा वर्षांचा थर

वकीलबाईंनी टेबलावरच्या फायली बाजूला सारून जागा केली. मिस्त्रींनी चादरीत बांधलेलं शीतयंत्राचं कॉइल तान्ह्या बाळासारखं अलगद खाली ठेवलं. सगळी भिस्त त्याच्यावरच होती. समुद्राकाठच्या शीतगृहात चौदा वर्षं खारा वारा खाऊनही त्याची ॲल्युमिनियमची पातळ पाती सडली नव्हती, कारण त्यांच्यावर जस्ताचा थर होता आणि तो मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं चढवला होता. एका बड्या कंपनीनं सात वर्षांपूर्वी याच कामाचं पेटंट घेतलं, आणि आता मिस्त्रींनाच चोर ठरवून ती त्यांच्या वर्कशॉपला टाळं ठोकायला निघाली होती.

"हा थर पेटंटहून जुना आहे असं प्रयोगशाळेनं एकदा लिहून दिलं, की त्यांच्या पेटंटमधली हवाच गेली," वकीलबाई म्हणाल्या. "सोडा गाठ."

सोबत आलेल्या मिस्त्रींच्या मुलीनं गाठ सोडली. आतून लखलखीत कॉइल निघालं.

"हे नवं कशाला आणलंत?"

"तेच आहे की!" मिस्त्री खुशीत हसले. "ओळखू नाही आलं ना? मिठाची पुटं चढली होती नुसती. तसलं ध्यान कोर्टात न्यायचं? लोक म्हणतील, हेच का यांचं काम! मग रविवारी बसलो. तेजाबात धुतलं आणि जस्ताचा नवा हात मारला."

चाळीस वर्षांत त्यांच्या वर्कशॉपातून मळकट वस्तू बाहेर पडली नव्हती. घाईतलं गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी मिस्त्री पुसल्याशिवाय काही हातात देत नसत.

वकीलबाईंचा चेहरा उतरला. "आणि जुना थर?"

"तो उतरवलाच. जुन्यावर नवा धरत नाही, मॅडम."

मुलगी गर्रकन बापाकडे वळली. "बाबा, मला विचारायचं तरी!"

"त्या वेळचं दुसरं एखादं कॉइल?" वकीलबाईंनी घाईघाईनं विचारलं. "नाहीतर काही लिहून ठेवलेलं?"

"शीतगृह पाडलं तेव्हा बाकीची भंगारात गेली. हे एवढंच मी मागून आणलं होतं." मिस्त्रींचा आवाज आता बारीक झाला. "आणि लिहायचं काय त्यात? हातातलंच काम ते."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मिस्त्री, हा थर आता गेल्या रविवारचा आहे."

मिस्त्रींना तेव्हा कुठे उमगलं. ते मटकन खुर्चीत बसले. मुलगी रागानं काहीतरी बोलणार होती, पण बापाचं तोंड बघून ती चादर गोळा करू लागली.

"घेऊन जा हे," वकीलबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता याचा काही उपयोग नाही."

मिस्त्रींनी मान वर केली.

"उपयोग नाही कसा, मॅडम? कुठंही बसवा. अजून पंधरा वर्षं काही होणार नाही त्याला."