डार्लाचं ड्रिल

“उद्या ट्रकच्या दारावर नवं नाव चढतंय,” सँडविचचा घास चघळत डुवेन हॅस्केट म्हणाला. “‘हॅस्केट अँड सन’. माझे गुडघे गेले आता. यापुढे धंदा कर्ट बघेल.”

डार्लाच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. मिसेस प्रुइटच्या घरामागे ती, तिचा बाप आणि तिचा धाकटा भाऊ कर्ट असे तिघे लाकडी डेक, म्हणजे उघडा ओटा, बांधत होते. सकाळपासून खांब तिनेच उभे केले होते. कर्ट उगवला तो कॉफीच्या सुट्टीला, तोही डोळे चोळत. शाळा संपली त्या उन्हाळ्यापासून ती बापाच्या हाताखाली राबत होती. कर्ट मधेच धंदा सोडून फ्लोरिडाला होड्या विकायला गेला होता आणि हात हलवत परत आला होता.

“आणि मी?” तिने विचारलं.

“तू आहेसच की. तू कुठे जातेस?”

झालं! आहेसच की. घरातल्या जुन्या खुर्चीबद्दल बोलावं तसं बोलला. त्या दारावर आपलं नाव असावं, एवढंच तर तिने आयुष्यात मागितलं होतं. मागितलं तरी कुठे? बापाच्या डोळ्यांना ते आपोआप दिसेल म्हणून वेडी गप्प राहिली होती.

“का पण, डॅड? कर्टच का? कारण सांग.”

कारण डुवेनकडे तयार होतं. ओहायोच्या त्या खोऱ्यातले सगळेच सुतार हत्याराच्या बाबतीत एक नियम पाळतात. पहिलं हत्यार हायवेवरच्या सवलतीच्या दुकानातून घ्यायचं, रविवारच्या पेपरातलं कूपन कापून. स्वस्तातलं काय वाईट? वापरून वापरून ते जळलं, तर माणूस कामाचा ठरला. मग त्याला भारीतलं घेऊन द्यायचं. नाही जळलं, तर त्याला तेवढंच पुरे. डुवेनने दोन्ही पोरांना तिथूनच एकाच दिवशी एकसारखी लाल ड्रिलं आणून दिली होती. कर्टचं पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. बापाने त्याची पाठ थोपटली आणि भारीतलं घेऊन दिलं. तेही गेलं, तर आणखी भारीतलं. डार्लाचं मात्र अजून चालत होतं.

चालेल नाहीतर काय! दर हिवाळ्यात ती ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलून बसायची. भुसा फुंकून काढायची, ग्रीस भरायची, मोटरीतले झिजलेले कार्बन बदलायची. काम करताना तापायला लागलं की बाजूला ठेवायची आणि तोवर हातोडी उचलायची. कर्ट धूर येईपर्यंत दाबत राहायचा आणि रात्री पावसात तसंच टाकून घरी जायचा. बापाला हे दिसत नव्हतं? सगळं दिसत होतं. पण बघायचं कोणाला होतं?

“कर्टने आजवर किती ड्रिलं जाळली, माहितीय ना?” डुवेन म्हणाला. “आणि तुझं बघ. कालच दुकानातून आणल्यासारखं. जो राबतो त्याचं हत्यार मरतं, पोरी. माझा हिशेब साधा आहे.”

“मी निगा राखते म्हणून चालतंय ते!”

“राखणारच,” कर्ट फिदीफिदी हसला. “आमच्या ताईसाहेब रोज रात्री त्याची पापी घेऊन त्याला झोपवतात.”

बापलेक दोघंही पोट धरून हसले. डार्लाच्या कानांतून वाफा निघाल्या. एवढी वर्षं जे जपलं, तेच तिच्यावर उलटलं होतं. तिला त्या लाल डबड्याचाच राग आला. मर की एकदाचं, तिच्या मनात आलं, मर आणि सांग त्यांना मी किती राबले ते.

ती उठली. ड्रिलला बोल्टाच्या भोकाचं सगळ्यात जाड बिट लावलं, कोपऱ्यातल्या ओकच्या खांबावर टेकवलं आणि दाबलं. बिट अर्ध्यावर अडकलं. तिने बटण सोडलं नाही. मनगट पिरगळलं तरी सोडलं नाही. मशीन कण्हायला लागलं, मूठ चटके द्यायला लागली, तशी तिने सगळा भार टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात ढिला पडला नाही. जळक्या वार्निशचा वास सुटला, फटींतून निळा धूर आला आणि एक कर्कश आवाज करून ते बंद पडलं.

कर्टचं हसू थांबलं. डार्लाने बिट उपसून काढलं आणि ते धुमसतं ड्रिल दोन्ही हातांनी बापासमोर धरलं. तिला धाप लागली होती आणि या वयातही शाबासकीसाठी जीव नुसता तुटत होता.

“बघ, डॅड,” ती म्हणाली. “माझंही मेलं.”

डुवेनने ड्रिल हातात घेतलं. उलटंपालटं करून बघितलं, हुंगलं. मग हळहळत मान हलवली.

“चांगलं चालत होतं की गं बिचारं,” तो म्हणाला. “साधं एक हत्यार सांभाळता येत नाही तुला, आणि धंदा सांभाळायला निघालीस?”