झाकणावरचा बिल्ला

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या मांडीवर चहाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलं आहे. हातात बोथट खिळा आहे. खिळा दाबून ओढला की झाकणाच्या दुसऱ्या, सोनेरी बाजूला रेघ उठून येते. उद्या सकाळच्या एसटीनं तुमचा मोठा भाऊ फौजेत चालला आहे आणि त्याच्यासाठी तुम्हाला एक बिल्ला करायचा आहे. बिल्ल्यावर काय काढाल?

धामणगाव बढ्याच्या सफानं फूल काढलं.

तिला बिल्ल्यांचं वेड लावलं ते दयाराम आबांनी. आबा फौजेतून हवालदार होऊन परतले होते. त्यांचं वावर सफाच्या वावराला लागून होतं, आणि घरी मखमलीच्या एका तुकड्यावर त्यांनी आपले बिल्ले टोचून ठेवले होते. दंडावर तीन फिती म्हणजे हवालदार, दोन म्हणजे नायक, खांद्यावर सिंह दिसला की मेजर साहेब, हे सफाला पाठ झालं होतं. पण तिला आवडायचा तो टोपीवरचा बिल्ला. तो हुद्दा सांगत नाही, पलटण सांगतो. नवा शिपाईही तो लावतो आणि त्याचा सुभेदारही तोच लावतो, असं आबांनी सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं.

घरचा बिल्ला वर्दीवर चालायचा नाही, हेही आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तो ट्रंकेच्या झाकणाला आतून लावायचा. रोज ट्रंक उघडली की सफाच्या मोठ्या भावाला, आसिमला, घर दिसेल. आसिमनं ते कबूल केलं होतं. वर, बिल्ला वाकडातिकडा झाला तर गावातल्या एखाद्या गाढवाच्या गळ्यात बांधून जाईन, असं चिडवलंही होतं. म्हणून सफानं फार जपून काम केलं होतं.

दुपारी ती बिल्ला घेऊन बांधावर आली. आबांनी चष्मा लावला. मधोमध एक फूल होतं, अगदी गुलाबासारखं, पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटलेल्या. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची पानं. काम सुबक होतं. सफा शाबासकीची वाट पाहत उभी राहिली, पण आबा त्या फुलावरून बोट फिरवत राहिले.

"हे फूल कुठी पायलं, माय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"आमच्याच वावरात, इहिरीजवळ. पऱ्हाटीची बाकी फुलं साधीच असतेत. हे गुलाबासारखं दिसते, म्हून हेच काढलं."

आबांनी तिला तिथं न्यायला सांगितलं. सफानं मोठ्या हौसेनं एकेक गुलाब दाखवला. आबांनी त्यातला एक तोडला आणि तळहातावर ठेवून पाकळ्या उलगडल्या. आत बारीकशी गुलाबी अळी होती. सफानं चटकन हात मागं घेतला.

मग आबांनी तिला समजावून सांगितलं. याला डोमकळी म्हणतात. अळी आत बसून पाकळ्या शिवून घेते, म्हणून फूल उमलत नाही. इथून ती बोंडात जाते, आणि वेचणीला बोंड फोडावं तर हाती किडका कापूस येतो. मागच्या साली शेजारच्या शिवारात असंच झालं होतं. तरी सफाच्या घरी कोणी फुलांकडे वाकून पाहिलं नव्हतं. बियाणं बीटीचं, त्याला अळी लागतच नाही, याच भरवशावर सगळे होते.

सफाचे डोळे भरून आले. तिला वावराचं जेवढं वाईट वाटलं, तेवढंच बिल्ल्याचंही. आसिम कास्तकाराचा पोरगा. आज ना उद्या त्याला ते फूल ओळखू येणार, आणि मग तिकडे लांब, रोज ट्रंक उघडली की त्याला घराऐवजी अळीच दिसणार.

आबा तिच्यापुढं उकिडवे बसले.

"दुश्मन तुलेच पयले दिसला, पोरी. आमच्यापैकी कोनालेच दिसला नाई," ते म्हणाले. "पन बिल्ल्यावर दुश्मन नसते काढत. जे राखाचं असते, ते काढतेत."

त्यांनी हाक मारली तशी सफाची आई रुबिना आणि पाठोपाठ आसिम वावरात आला. डोमकळी पाहून रुबिनाचा चेहरा उतरला. आबांनी तिला धीर दिला. अजून बोंडं धरायची आहेत, आजच सगळ्या डोमकळ्या तोडून जाळल्या तर बरंच काही हाती लागेल, असं ते म्हणाले. मग कोणी काही विचारत बसलं नाही. पिशव्या काढल्या, ओळी वाटून घेतल्या. फौजेच्या आधी बहिणीनंच आपल्याला कवायतीला लावलं, अशी आसिमची कुरकुर चालू होती, पण त्याचाच हात सगळ्यांत भराभर चालत होता.

सफाही तोडत होती. थोड्या वेळानं रुबिनानं मागं वळून पाहिलं, तर तिची ओळ रिकामी. पोरगी दिसेना. आई शोधत आली.

सफा एका झाडापुढं मांडी घालून बसली होती. त्या झाडावर पऱ्हाटीचं एक साधं फूल होतं, फिकट पिवळं, पुरतं उमललेलं. तिनं आधी त्याच्या आत डोकावून पाहिलं. मग झाकण दगडावर टेकवून दोन्ही अंगठ्यांनी त्यावरचा गुलाब दाबला. जमेल तेवढा सपाट केला. खिळा फ्रॉकला पुसला आणि झाडावरच्या फुलाला हात न लावता, त्याच्याकडे बघत बघत, पहिली उघडी पाकळी काढायला घेतली.