फिल्टरची रेती

फिल्टरच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आतून असा वास आला की गोपालनं तोंडच फिरवलं. वरची रेती हिरवीकाळी पडून तिची ढेकळं झाली होती. घरामागचा स्विमिंग पूल इतके दिवस हिरवागार का दिसत होता, ते आता कळलं. पंप तर रोज घुमत होता, पण पाणी त्या रेतीतून खाली उतरतच नव्हतं. वरच्या व्हॉल्व्हमधला रबर फाटला होता. तिथूनच ते जसंच्या तसं हौदात परत जात होतं.

नागपूरचा मेकॅनिक नुसतं आज-उद्या करत होता. लेक प्रिया कॉलेजातल्या मैत्रिणी घेऊन सुटीला यायची होती, आणि बेडकांच्या पिल्लांसोबत पोरी काही पोहायच्या नाहीत, असं बायकोनं, मंजुषानं, बजावून ठेवलं होतं. शेवटी गोपालनंच शर्टाच्या बाह्या वर सारल्या. चंद्रपुरात घर बांधताना हा हौद त्यानं हौसेनं बांधून घेतला होता. पोहायचे मात्र पाहुणे. त्याला कधी सवड व्हायची नाही.

तो पत्र्याच्या डब्यानं रेती काढून ताडपत्रीवर टाकू लागला. तळाशी बारीक छिद्रांच्या नळ्या होत्या, त्या तुटू नयेत म्हणून शेवटी हातच घालावा लागला.

वास उन्हासोबत घरात शिरला असावा. थोड्या वेळानं त्याची माय, नीलाबाई, भिंतीला धरत मागच्या दारी आली. एरवी ती दिवाणावरून उठायची ती जेवणापुरती. जंगलातलं त्यांचं कोसमटोला गाव वाघांसाठी उठलं, सडकेकाठी नवं वसलं, तिथं तिचा नवरा गेला आणि मग गोपालनं तिला शहरात आणलं. तेव्हापासून तिचं बोलणं आटत आटत हो आणि नाई एवढ्यावर आलं होतं.

ती ताडपत्रीजवळ वाकली. मूठभर रेती उचलून नाकाशी नेली.

"कोनती बोडी उपसली रे?" तिनं विचारलं.

गोपालला हसू आलं. ही कुठल्या तळ्या-बोडीची नाही, फिल्टरची घाण आहे, टाकून दे, हाताला वास लागेल, असं त्यानं सांगितलं. तिनं टाकली नाही. बादली पालथी घालून ती तिच्यावर बसली आणि बोलायला लागली.

वैशाखात गावाची बोडी आटायची. गुडघाभर चिखल उरला की एक दिवस ठरायचा आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन आत उतरायचं. चिखलात दडलेला मरळ मासा ती टाचेनं ओळखायची. गोपालचा बाप मात्र मांगूरच्या काट्याला भ्यायचा. तो काठाच्या पाळीवर उभा राहून दुसऱ्यांनाच मासे दाखवायचा. हे गोपालनं कधी ऐकलं नव्हतं. त्याच्या आठवणीतला बाप कशालाच भीत नव्हता. पोहणंही त्याला मायनंच शिकवलं होतं. पाठीला दोन वाळके भोपळे बांधून ती त्याला बोडीत सोडायची. दोरी काचायची, खाजायची. एक दिवस खाज थांबली म्हणून त्यानं मागं पाहिलं, तर भोपळे मायच्या हातात होते आणि तो आपला पोहत होता.

बोलता बोलता ती थांबली.

"आपल्या बोडीत आता पानी असन का?"

गोपालचा हात टाकीतच राहिला. गेल्या हिवाळ्यात एका ओळखीच्या माणसानं त्याला त्याच जंगलात सफारीला नेलं होतं. जिप्सी जाऊन थांबली ती थेट कोसमटोल्याच्या बोडीच्या पाळीजवळ. सगळ्यांनी कॅमेरे काढले. आपण इथले, हे त्यानं जिप्सीत सांगितलं नाही. आणि मायला वाईट वाटेल म्हणून घरीही सांगितलं नाही.

"भरून आहे, माय," तो म्हणाला. "वाघीन बसते पान्यात. म्या पाह्यली."

उगाच बोललो, असं त्याला वाटलं. मुठीतली रेती तिनं हळूहळू खाली सोडली.

"कोन्या बाजूले बसते?"

"मोहाच्या झाडाखाली."

"तिथीच उतार आहे," नीलाबाई म्हणाली. "बाकी सारी घसरन. शहानी आहे वाघीन."

पुढचं काम त्यानं उरकलं. तळाच्या नळ्या धुतल्या, नवी रेती भरली, व्हॉल्व्हमध्ये नवा रबर बसवला, झाकण आवळलं. पंप सुरू केल्यावर पहिलं गढूळ पाणी नळीनं बाहेर काढून दिलं. ते नितळ यायला लागलं तसं व्हॉल्व्हचा दांडा फिरवून हौदाकडे वळवलं. आता क्लोरिन टाकायचं तेवढं राहिलं होतं. तो डबा घेऊन वळला, तर माय लुगड्याचा काष्टा खोचून हौदाच्या पायरीवर उभी. पाणी तिच्या पोटरीपर्यंत आलं होतं. बेडकाची पिल्लं तिच्या घोट्यांभोवती फिरत होती, आणि ती त्यांच्याकडे पाहत होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मंजुषानं पाणी घाण असल्याचं ओरडून सांगितलं. गोपालही तेच म्हणाला. औषध टाकायचं आहे, एक रात्र जाऊ दे, मग तळ दिसेल इतकं पाणी नितळ होईल, असं त्यानं समजावलं.

"उद्या साफ होईन म्हन्ते?"

"हो. काचेवानी."

"मंग आज पोहून घेऊ," नीलाबाई म्हणाली, आणि त्याच्यासाठी जागा करत एक पायरी खाली उतरली.