गंधाराच्या पुढे

सा आणि रे वाजवून कारागिराचं बोट तिसऱ्या पट्टीवर थबकलं, ते चौथ्यांदा.

"पुढे," बाई म्हणाल्या.

बोट पुढे सरकेना. डावा हात भाता इमानेइतबारे हलवत होता आणि खोलीभर एकटा गंधार ताटकळत उभा होता.

"अहो, पुढे मध्यम आहे. चावत नाही तो."

"रागावू नका बाई," कारागीर सतरंजीकडे बघत पुटपुटला, "पण हा गंधार उतरलाय."

"तुमचा?"

"पेटीचा."

चोवीस वर्षांच्या शिकवणीत बाईंनी पहिल्या दिवसाच्या नाना सबबी ऐकल्या होत्या. कुणाची बोटं आखूड निघत, कुणाचा शेजारी खाष्ट. पण थेट पेटीवर आळ घेणारा हा पहिलाच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नव्या विद्यार्थ्याला नीट न्याहाळलं. पन्नाशी उलटलेली, इस्त्रीचा शर्ट, आणि खिशातून डोकावणारी पेचकसाची मूठ.

"आत येताना तुम्ही लाकूडकाम करतो म्हणालात ना?"

"पेटीसुद्धा लाकडाचीच असते," तो ओशाळून म्हणाला.

मग सगळंच बाहेर आलं. पस्तीस वर्षं तो पेट्या दुरुस्त करत होता. शहरातल्या अर्ध्याअधिक पेट्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्याला एक गाणं धड वाजवता येत नव्हतं. एकेक सूर छेडायचा, घासायचा, जागेवर बसवायचा, की त्याचं काम संपलं. बायकोने मात्र लग्न झाल्यापासून आपल्या तिन्ही बहिणींना सांगून ठेवलं होतं, की आमचे हे पेटी सुरेख वाजवतात, फक्त चारचौघांत लाजतात. लाजण्याची गोष्ट खरी होती. त्या भरात पहिली गोष्ट नाकारायचं त्याच्याकडून राहून गेलं. येत्या रविवारी बायकोचा वाढदिवस होता. तिघी बहिणी येणार होत्या, आणि या खेपेला हे वाजवणार म्हणजे वाजवणारच, असं तिने फोनवर जाहीर करून टाकलं होतं.

"मग सांगून टाका की तिला खरं काय ते."

"एकोणतीस वर्षांनी?" कारागिराने भाता सोडून दिला. "बहिणींसमोर मान खाली जाईल हो तिची. तिची थोरली बहीण तुम्ही पाहिलेली नाहीत."

त्या दिवशी बुधवार होता. बाईंनी मनाशी दिवस मोजले आणि उसासा टाकला.

"बरं. लावा तो गंधार एकदाचा."

कारागिराचा चेहरा उजळला. पेचकस फिरला, झाकण निघालं, आणि इतका वेळ अवघडलेले ते हात एकाएकी घरी आल्यासारखे वावरू लागले. एक चिमुकली पितळी जीभ त्याने खिडकीच्या उजेडात धरली, तिचं टोक कणभर घासलं, पुन्हा बसवली आणि कान तिरका करून तो ऐकत राहिला. गंधार लागला. पण त्याच्या शेजारी आता मध्यम खटकू लागला. मध्यम सावरला, तर पंचमाने तोंड वाकडं केलं. तास भरला तेव्हा बाईंची ती जुनी पेटी अशी काही बोलू लागली होती, की क्षणभर बाईंनाच गहिवरून आलं.

विद्यार्थी मात्र होता तिथेच होता. सा, रे.

"तुम्ही कधी गाणं ऐकता का हो?" बाईंनी विचारलं.

"सूर ऐकतो. गाण्यापर्यंत पोचायच्या आत एखादा खटकतोच."

आयुष्यभर ज्या घराच्या बिजागऱ्या नीट केल्या, त्या घरात 'या, बसा' असं कुणी कधी म्हटलं नाही, हे सांगणाऱ्या माणसाचा आवाज जसा असेल, तसा त्याचा आवाज होता.

बाई उठल्या. कपाटातून कापसाची गुंडाळी घेऊन आल्या.

"कान पुढे करा."

त्याच्या दोन्ही कानांत घट्ट बोळे बसले. मग बाईंनी एक छोटी, सोपी चाल दोनदा वाजवून दाखवली. त्याने त्यांच्या बोटांवर डोळे रोवून ती पाहून घेतली आणि पेटी पुढ्यात ओढली. सा, रे. गंधार आला आणि गेला. मध्यमही मागे पडला. उतारावर सुटलेल्या मुलासारखी बोटं धावत सुटली. दोन पट्ट्या एकदम दबल्या, एक भलतीच वाजली, भाता धापा टाकू लागला. रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून थांबला. समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली. कारागिराचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, आणि त्या कापसाआड कुठेतरी एक अख्खं गाणं, कुणीही मध्ये न अडवता, पहिल्यापासून शेवटापर्यंत चालत गेलं.

त्याने बोळे काढले. डोळे पाणावले होते.

"कसं झालं, बाई?"

बाईंनी आपल्या कानांतले बोळे काढले.

"काय म्हणालात?"

त्याची नजर त्या बोळ्यांवर गेली. गुंडाळीतून कापूस तोडत बाई नवे बोळे वळू लागल्या.

"मेहुण्या तिघी ना? हे सहा. आणि हे दोन तुमच्या बायकोचे."

कारागिराने सहा बोळे रुमालात जपून बांधले. उरलेले दोन त्याने उचलले, क्षणभर तळहातावर धरले आणि बाईंच्या पुढ्यात परत ठेवले.

"हे नकोत," तो म्हणाला. "ती एकोणतीस वर्षं वाट बघतेय."