पुढून मोजलेल्या सहा गोळ्या

साहेब, त्या चौकशीत तुम्ही पिस्तूल उघडलंच नाहीत. पुढून डोकावलात, चक्रीत सहा गोळ्यांची सहा टोकं दिसली, ती मोजलीत, आणि एका माणसाला भित्रा ठरवून जेवायला गेलात.

तो माणूस आज एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात, डगमगत्या स्टुलावर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलाय. शेजारी त्याची मुलगी उभी आहे. समोर तेलकट फडक्यावर तेच पिस्तूल. इतकी वर्षं ते पलटणीच्या संग्रहालयात काचेमागे होतं, नव्या रंगरुटांना धडा म्हणून. खाली पाटी : 'एकही गोळी न झाडता पळालेल्या शिपायाचं हत्यार.' आता संग्रहालय नव्या इमारतीत चाललंय. पिस्तूल साफ करा, आणि नक्की तेच आहे का तेही बघा, असं सांगून तुमच्या लोकांनी ते कारागिराकडे धाडलं. कागदांत नंबर कुठे धड लिहिलेला नव्हता. म्हणून कारागिराने, ज्याच्या कमरेला ते होतं त्यालाच बोलावून घेतलं.

"काका, नंबर आठवतो?"

कारागीर मुठीवरची लाकडी पट्टी सोडवत होता. नंबर तिच्याखाली, गंजात बुजलेला. त्याने स्वतःही अजून वाचला नव्हता.

"चार, शून्य, सात, सात, एक. दुसऱ्या सातावर ओरखडा आहे."

कारागिराने रॉकेलचा बोळा फिरवला. चार. शून्य. सात. ओरखड्याचा सात. एक.

"माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात, काका."

"तोही विसरायचे," मुलगी म्हणाली. पण तिच्या आवाजात हसू नव्हतं. आता चक्री उघडायची होती, आणि खरं सांगायचं तर ती उघडू नये असंच तिला वाटत होतं.

बाबा सांगायचे, चाप ओढला होता, वाजलंच नाही. चौकशीत सांगितलं, घरात सांगितलं. ती सोळा वर्षांची असताना एका भांडणात तिने तोंडावर म्हटलं होतं, "पळपुट्यांनी मला शिकवू नये." त्या दिवसानंतर बाबांनी ती गोष्ट काढली नाही. आज गोळ्यांच्या बुडांवर ठोक्याची खूण निघाली तर बाबा खरे. नाही निघाली तर पाटी खरी.

"हे बघा," कारागीर चिडून म्हणाला. "शिवणयंत्राचं तेल! कुणा पहारेकऱ्याने दर आठवड्याला चमच्याने पाजलंय. वाळून नुसता डिंक झालाय. चक्री हलत नव्हती. चार दिवस भिजत घातलंय मी. त्या माणसाला आधी शिव्या घालाव्यात, मग त्याच्या पाया पडावं."

"पाया कशाला?"

"या डिंकापायी कुणाला आतलं काही काढता आलं नाही. जसंच्या तसं राहिलं."

दुसरा कुणी असता तर आधी तारेचा ब्रश मारून चकचकीत करून मोकळा झाला असता. हा आधी आत बघायचा, मग घासायचा. त्याने पिस्तुलाचं तोंड वाळूच्या पोत्याकडे केलं, आणि चक्रीवर लाकडी हातोडीने अगदी हलकी टिचकी मारली. पुन्हा एक. कट्ट झालं आणि चक्री सुटून त्याच्या तळहातावर आली.

म्हातारा आपल्या बुटांकडे बघत राहिला.

कारागिराने एकेक काडतूस काढून उभं केलं, बूड वर. चष्मा कपाळावर सरकवला, भिंग धरलं. सहाही बुडं निरखली. मग भिंग मुलीकडे दिलं.

बुडाच्या मधोमध तांब्याची इवलीशी टोपी, आणि तिच्यावर ठोक्याचा खड्डा. एक नाही, दोन. दुसऱ्या काडतुसावर दोन. तिसऱ्यावर दोन. एकावर तर तीन.

"तेरा," कारागीर म्हणाला. "काका, तेरा वेळा चाप ओढलात तुम्ही. चक्री दोनदा पुरी फिरली, वर आणखी एकदा."

"मी आठपर्यंतच मोजलं, पुढचे मोजायचे सुटले. मग पळालो. पळू नको तर काय फेकून मारू?"

"फेकून मारलं असतंत तर निदान लागलं तरी असतं."

म्हातारा हसला. खांदे गदगदा हलेपर्यंत हसला, स्टूल करकरलं. मुलगी तशीच खाली फरशीवर बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं. त्याने टोपी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. "जाऊ दे. चहा सांग. भूकही लागलीय."

"थांबा, अजून आहे," कारागीर म्हणाला. "ठोका देणारा घोडा ठणठणीत आहे. ठोका जोरात बसलाय. काडतुसंच मेलेली होती. बुडावर सन बघा. काका, या गोळ्या तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या आहेत!"

म्हातारा तेव्हा पलटणीत टेलिफोनच्या तारा जोडायचा. तारा जोडणाऱ्या शिपायांना बंदुका मिळत नसत. आधीच्या लढाईतली पिस्तुलं, आधीच्या लढाईतल्या गोळ्या भरून, त्यांच्या कमरेला लटकवली जायची.

तेवढ्यात फोन वाजला. संग्रहालयातून. कारागिराने नुसता मुलीपुढे धरला.

"झालं का साफ? पाटी छापायला टाकायचीय. तेच आहे ना?"

"तेच आहे. पाटी थांबवा."

"मग लिहू काय?"

ती उठून उभी राहिली. बापाची टोपी तिच्या डोक्यावर तशीच होती.

"आधी वरच्या साहेबांना जाऊन विचारा. बावीस वर्षांच्या पोराला एकतीस वर्षांच्या गोळ्या कोणी दिल्या? मला नाव हवंय. जा, विचारून या. मी फोन धरून आहे."