पोट सुटलेला गडगा

गवंड्याची बायको गेल्याचं सकाळी कळलं. गवंडी दवाखान्यातून परतला तेव्हा शेजारच्या अंगणात त्याच्या थोरल्या वहिनी कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. दोन अंगणांच्या मध्ये छातीइतका गडगा होता. त्याच्यावरूनच त्यांनी विचारलं, "कशी आहे हो ती, भाऊजी?"

"गेली."

वहिनींच्या हातातले सगळे दाणे एकदम खाली पडले. कोंबड्यांची चंगळ झाली.

गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता नुसता दगडावर दगड रचून केलेली भिंत. त्या जिल्ह्यात शेतांना, रस्त्यांना, गोठ्यांना सगळीकडे गडगेच. हा मात्र गवंड्याच्या बायकोने स्वतः रचला होता. थोरल्या जावेच्या कोंबड्यांनी तिचा भाजीचा वाफा उकरला, म्हणून. नवरा परगावी कामाला गेला होता. तेवढ्यात तिने पडक्या गोठ्याचे जुने दगड ओढून आणले आणि गडगा उभा केला. त्याचं पोट सुटलेलं होतं. "गवंड्याच्या घरचं काम बघा," म्हणून गाव हसायचं. वहिनी तर येता-जाता बोटं मोडायच्या. "कसला मेला गडगा! नळावर जायचं तर गावाला वळसा!"

शेवटच्या दिवशी बायको एवढंच बोलली होती. "तो गडगा काढून टाका. माझ्यामागे तुम्ही जेवणार जाऊबाईंकडेच. वळसा घालायचा तुम्हाला आळस. उपाशी राहाल."

पुढच्या आठवड्यात गवंड्याने पहार काढली. तेवढ्यात गावसमितीचे अध्यक्ष धापा टाकत आले.

"वाईट झालं रे. फार गुणी बाई. पण ती पहार आधी खाली ठेव."

"का?"

"का काय? गडग्यांचा जिल्हा म्हणून आपल्याला सरकारी मान्यता मिळतेय. सरकारची समिती येतेय पाहायला. आणि तू अंगणात राडारोडा घालून बसणार? मान्यता मिळाली की बंद पडलेली दगडाची खाण सुरू होईल, लोक बघायला येतील, पोरांना इथंच काम मिळेल. समिती गेली की पाड. मी येतो हात लावायला."

गवंड्याने पहार ठेवली.

"आता एक कर. सगळ्या जुन्या गडग्यांच्या फटी सिमेंटने भरून टाक."

"सिमेंट? गडग्याला?"

"पाहुण्यांच्या पायावर दगड पडला तर मान्यता काय तुझा बाप देईल?"

गवंड्याला घरात बसवत नव्हतंच. त्याने गावातले आणखी गवंडी जमवले आणि पाडायचा तो एक सोडून गाव ते खाण सगळे गडगे पक्के करून टाकले. अध्यक्षांनी वरून पांढरा रंगही फिरवला.

समितीच्या प्रमुख एक बाई होत्या. पहिला गडगा त्यांनी नखाने खरवडून पाहिला. दुसरा नुसता पाहिला. तिसऱ्यापाशी त्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

"अध्यक्ष, आम्ही बिनसिमेंटचे गडगे बघायला आलोय."

"आतून बिनसिमेंटचेच आहेत, बाई! वरून जरा…"

"गाडी वळवा," बाई ड्रायव्हरला म्हणाल्या.

गाडी वळवायला मोकळी जागा फक्त गवंड्याच्या घरासमोर होती. ती वळता वळता थांबली. बाई उतरल्या. त्यांनी दगडांवरच्या शेवाळावर हात फिरवला, वाकून फटी पाहिल्या, मग त्या सुटलेल्या पोटाकडे पाहत राहिल्या.

"वा! एवढा फुगूनही उभा आहे. किती पावसाळे पाहिले असतील याने! किती जुना आहे हा?"

अध्यक्षांनी गवंड्याकडे हात जोडल्यासारखं पाहिलं. खरं सांगावं तर खाण बंदच राहणार आणि अख्खं गाव तोंडात शेण घालणार. खोटं सांगावं तर गडगा पाडता येणार नाही. गवंड्याच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली खाट आली. त्याने घसा साफ केला.

"बाई, खरं सांगायचं तर हा माझ्या बायकोने—"

"सांभाळला," पलीकडून वहिनी म्हणाल्या. "बांधला आमच्या आजेसासऱ्यांच्या आजोबांनी. पण जीव लावून सांभाळला तिनेच. यातला एक दगड कुणी हलवायचा नाही, म्हणायची."

गवंडी त्यांच्याकडे बघतच राहिला. वहिनींनी मान फिरवली आणि उगाचच एका कोंबडीला हाकललं.

जिल्ह्याला मान्यता मिळाली. खाण सुरू झाली. गडग्यावर सरकारी पाटी लागली. वहिनी अजूनही नळावर वळसा घालूनच जातात आणि दोन्ही वेळा गवंड्याचं ताट गडग्यावरून पुढे करतात. परवा कोंबडीने वरचा एक दगड पाडला. वहिनींनी तो शिव्या देत उचलला, पदराने पुसला आणि होता तिथे परत बसवला.

गडगा पाडायचा राहिला आहे.