आधी जागा

"जीव कोणाले देशील तं आधी जागा पाह्य, बाबू. पोरगी देताना घर पाह्यतो तशी."

खेमसिंगच्या बापाचा हा आवाज. तांड्यामागच्या पळसाखाली, मांडीवर पोतं घेऊन बसलेला बाप. त्याला जाऊन तीस वर्षं झाली, पण पोत्याचं तोंड सोडलं की आवाज अजून कानाशी यायचा.

एकदाच खेमसिंगनं तो ऐकला नव्हता. एका ढाबेवाल्याला घोरपड हवी होती, यानं जागा न पाहता नेऊन दिली. महिन्याभरानं निरोप आला, तुझं जनावर घेऊन जा. डांबराच्या ड्रममध्ये ठेवलं होतं तिला. उचलायला हात घातला तर कातडी हातात आली आणि मांस ड्रमला राहिलं. तो वास आठ दिवस नखांतून गेला नाही.

तेव्हापासून आधी जागा.

आज तो लोहाऱ्याला इंद्रजितच्या अंगणात उभा होता. पायाशी तीन पोती, तिन्ही आतून हलत होती. घोरपड पाळणं कायद्यात बसत नाही हे दोघांनाही ठाऊक, म्हणून फाटक लावून घेतलेलं. कापूस वेचायला बोलावणारं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा घोरपडी धरून विकायचा बापाचा धंदा खेमसिंगच्या हाती पुन्हा आला होता. इंद्रजितची जिनिंगही तीन हंगाम बंद होती. दिवस त्याला खायला उठायचा. नागपूरच्या मित्राकडे काचेमागे घोरपड पाहिली आणि पाहुण्यांना दाखवायला आपल्याकडेही एक असावी, असं त्यानं मनात घेतलं.

ओसरीवर त्याच्या आईचा, इंदूबाईंचा फोटो होता. मांडीवर पानाचा डबा घेतलेल्या, हसऱ्या. शेवंतीचा ताजा हार. इंद्रजितनं आधी फोटोला हात जोडले, मगच पोत्यांकडे वळला. तेरवीला सातशे पानं उठली, हे तो बोलता बोलता सांगून गेला. आईला शेवटपर्यंत घरातच ठेवलं, कुठे टाकलं नाही, हेही.

त्याची बायको दीपा उंबऱ्यात उभी होती. पदर नाकाला.

खेमसिंगनं एकेक पोतं सोडलं. पहिली हातभर, अंगावर पिवळे ठिपके. ही लवकर माणसाळेल, पण वाढेल झपाट्यानं, त्यानं समजावलं. दुसरीचं शेपूट कधीतरी तुटून आखूड राहिलेलं, स्वभावानं गरीब. तिसरी साडेचार फूट. दोरी सैल होताच तिनं दुभंगलेली जीभ काढली, मान ताणली आणि अर्धवट पचलेला बेडूक अंगणात ओकून टाकला. त्यावर माश्या लगेच बसल्या.

"हेच पाह्यजे," इंद्रजित म्हणाला.

"मले किळस येते," दीपा म्हणाली.

इंद्रजित हसला. ही पालीलेही भेते, असं त्यानं खेमसिंगला सांगितलं. दीपा हसली नाही.

जागा घरामागं होती. भिंतीला टेकून बांधलेली खोली, वर टिनाचं छप्पर, आत पुरुषभर लांब आणि त्याहून अरुंद. इंद्रजित कौतुकानं एकेक दाखवू लागला. कडी बाहेरून. दाराखाली वीतभर फट, ताटली सरकवता येते, दार उघडायचं काम नाही. कोपऱ्यात मोरीचं भोक, बाहेरून पाणी मारलं की सगळं वाहून जातं.

खेमसिंग वाकून आत शिरला. फिनाईलचा वास होता, आणि फिनाईलखाली दुसरा एक. त्याला ड्रम आठवला. नाक दाबून तो पुढं पाहू लागला. झरोक्यावर फळी ठोकलेली. दाराच्या आतल्या अंगाला, खाली, ओरखडे. भिंतीवर कंबरेच्याही खाली चुन्याचे ठिपके, बोट पुसल्यासारखे, एकाखाली एक, कितीतरी. रंगाऱ्यानं हात पुसला असेल, त्याला वाटलं.

"पयले काय ठेवलतं इथं?"

"होतं एक," इंद्रजित बाहेरून म्हणाला. "लय वरडे. गेलं दिवाळीच्या आधी."

कुत्रं असावं. खेमसिंगला त्या कुत्र्याची कीव आली. बाहेर येऊन त्यानं मोकळी हवा छातीभर घेतली. मोरीच्या तोंडाशी हिरवट शेवाळ साचलं होतं आणि त्यात केस अडकले होते, पांढरे. पांढरं कुत्रं.

दीपा मागोमाग आली होती. हातात चहाची कपबशी.

खेमसिंगनं हिशेबानं सांगितलं. घोरपडीला तिच्या तिप्पट लांब जागा लागते. बीळ उकरायला कंबरभर माती, अंग टाकायला पाण्याचं टाकं, आणि सकाळचं ऊन अंगावर पडलंच पाहिजे. इथं ऊन नाही, माती नाही. मोठी तर नाहीच, मधलीही नाही.

"मंग लहानी दे."

"लहानी लहान राह्यत नाही, शेठ."

इंद्रजितनं बल्ब लावतो म्हटलं, रेती टाकतो म्हटलं. मग त्याचा आवाज चढला. घोरपडीला काय महाल पाहिजे का, असं त्यानं विचारलं. जनावराची जागा आहे ती, माणसाची नाही.

खेमसिंग खाली बसून पोत्यांची तोंडं बांधू लागला. एक, दोन, तीन. मोठीनं आतून त्याच्या बोटाशी नख घासलं. बापाचा आवाज आज अगदी जवळून येत होता.

"या खोलीत जीव टिकत नाही, शेठ," तो म्हणाला. "सहा महिनेही नाही टिकत."

दीपानं कपबशी खाली ठेवली. नाकाचा पदर काढला. नवऱ्याकडं न पाहता ती दाराच्या त्या फटीकडं पाहत राहिली.

"टिकते, भाऊ," ती म्हणाली. "सासूबाई तीन वर्सं टिकल्या."